कॅबरे संपल्यावर, पहाटे पाच वाजता : एमी हेनिंग्सची दोन युद्धांमधली वर्षे

अर्धविराम

मराठीत ‘कॅबरे’ म्हटले की हिंदी चित्रपटातला खलनायकाचा अड्डा, पिसांचा पोशाख आणि हेलन एवढेच डोळ्यांपुढे येते, म्हणून आधीच सांगतो की हा धागा त्या कॅबरेविषयी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिक, बर्लिन, झुरिक अशा शहरांत कॅबरे म्हणजे बिअरच्या टेबलांच्या गर्दीत एका टोकाला उभारलेला लहानसा मंच असे. एकाच संध्याकाळी तिथे गाणी, नकला, काव्यवाचन आणि सरकारला मारलेले टोमणे असे सगळे चाले, आणि कवीला आपली कविता खाण्यापिण्यात गुंतलेल्या श्रोत्यांसमोर उभे राहून म्हणावी लागे.

जर्मन कवयित्री आणि गायिका एमी हेनिंग्स अशा मंचांवर वाढली, आणि मी तिला कामगार वर्गातली कलावंत मानतो. तिचा जन्म १८८५ मध्ये फ्लेन्सबुर्ग या बंदरात, एका खलाशाच्या घरी झाला. शाळा सुटल्यावर ती लोकांच्या घरी कामाला राहिली. छापखान्यातल्या एका जुळाऱ्याशी तिचे लग्न झाले, ते टिकले नाही. एक मूल तान्हेपणीच गेले, आणि मुलगी आजीकडे ठेवून ती फिरत्या नाटक मंडळ्यांबरोबर गावोगाव हिंडू लागली. पुढे म्युनिकच्या ‘सिंप्लिसिसिमुस’ या काठी कोबुसबाईंच्या मद्यगृहात ती गाऊ लागली आणि १९१३ मध्ये कुर्ट वोल्फ या प्रकाशकाने तिचा पहिला कवितासंग्रह काढला. ५ फेब्रुवारी १९१६ रोजी झुरिकमध्ये तिने आणि जर्मन लेखक हुगो बॉलने ‘कॅबरे व्होल्टेअर’ सुरू केले, ज्यातून कलेतले रूढ संकेत झुगारणारी ‘दादा’ ही कलाचळवळ जन्मली.

इथपर्यंतची गोष्ट कुठेही वाचायला मिळते. माझा प्रश्न त्यानंतरच्या काळाविषयी आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर ती हळूहळू मंचावरून दिसेनाशी होते, १९२० मध्ये बॉलशी लग्न करते, दक्षिण स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागातल्या आन्युत्सो या खेड्यात राहायला जाते आणि चर्च, संत, प्रार्थना यांविषयी लिहू लागते. चरित्रकार या वीस वर्षांना माघार म्हणतात किंवा दोन परिच्छेदांत उरकतात, आणि तिला विस्मृतीत ढकलतात. ती माघार होती असे तुम्हाला वाटते का?

पारावरचा

मी शीर्षक वाचून हेलनसाठीच आलो होतो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. आता आलोच आहे तर बसतो.

दूरदेशी

मी झुरिकमध्ये राहते आणि पाहुणे आले की त्यांना श्पीगेलगास्से दाखवायला नेते. लिमाट नदीच्या उजव्या काठावरच्या जुन्या वस्तीतली ती चढाची, दगडी फरशीची अरुंद गल्ली आहे. क्रमांक १ मध्ये कॅबरे व्होल्टेअर होते, आणि त्याच गल्लीत वर क्रमांक १४ मध्ये त्याच वर्षी लेनिन भाड्याने राहत होता. इथे गाणी आणि तिथे क्रांतीची तयारी, हा योगायोग प्रत्येक वाटाड्या रंगवून सांगतो.

गेल्या वर्षी अशाच एका सहलीत वाटाड्याने बॉल, त्झारा, आर्प, ह्युल्सेनबेक अशी नावे घेतली आणि शेवटी “आणि बॉलची पत्नी” असे म्हणून तो पुढे निघाला. मी त्याला थांबवून सांगितले की १९१६ मध्ये ती त्याची पत्नी नव्हतीच, त्यांचे लग्न आणखी चार वर्षांनी झाले. मंचाचा खरा अनुभव असलेली त्या मंडळींत ती जवळजवळ एकटीच होती. बॉल पियानो वाजवत होता, बाकीचे चित्रकार, कवी आणि विद्यार्थी होते. त्या वसंतात झुरिकच्या एका वर्तमानपत्राने या कॅबरेची तारका म्हणून नाव घेतले ते हेनिंग्सचे. वाटाड्या हसला आणि म्हणाला की वेळ कमी असतो.

खलबत्ता

लेख चांगला आहे, पण दोन शंका आहेत.

पहिली अशी की तिला कामगार वर्गातली कलावंत म्हणताना आपण जन्माचा दाखला पाहतो की लेखन? तिच्या कवितांत संप नाही, कारखाना नाही, मजुरीचा उल्लेख नाही. तेथे थकवा, मॉर्फिन, प्रेम आणि देव आहे. याच काळातला एरिश वाइनर्ट घ्या. माग्डेबुर्गच्या यंत्रकारखान्यात उमेदवारी केलेला हा माणूस १९२१ पासून लाइपझिगच्या ‘रेटोर्टे’ कॅबरेत स्वतःच्या उपहासकविता म्हणू लागला, पुढे बर्लिनच्या सभांमध्ये हजारो कामगारांपुढे उभा राहिला, आणि त्याच्या कवितांची इतकी धास्ती होती की १९३१ मध्ये प्रशियात त्याच्यावर भाषणबंदी घालण्यात आली. दोन युद्धांमधला कामगार कॅबरे-कवी शोधायचा असेल तर तो हा आहे.

दुसरी शंका अशी की जिने स्वतःच मंच सोडून जपमाळ हाती घेतली, तिला विस्मृतीत ढकलल्याचा दोष आपण इतरांना का द्यायचा?

मृद्गंध

खलबत्ता, वाइनर्टविषयी तुम्ही लिहिले ते सर्व मान्य आहे, पण पहिल्या शंकेतली कसोटी मला मान्य नाही. मजुरीचा उल्लेख तिच्या लेखनात नाही, असे म्हणण्याआधी तिचे गद्य वाचायला हवे. १९१९ मध्ये तिचे ‘तुरुंग’ हे पुस्तक आले, त्यामागे म्युनिकमधल्या तिच्या स्वतःच्या कैदेचा अनुभव आहे. १९२० मध्ये ‘डास ब्रांडमाल’ आले. डागण्या दिल्यावर कातडीवर जो डाग उरतो, तो या नावाचा अर्थ. रोजनिशीच्या रूपातल्या या कादंबरीत एक बेकार नटी परक्या शहरात उतरते. खिशात पैसे नाहीत, राहायला जागा नाही, आणि दारोदार वस्तू विकण्यापासून शरीर विकण्यापर्यंत सगळे ती करते. आजची खोली, उद्याचे जेवण आणि फाटके बूट यांचा हिशेब तिथे सतत चालू असतो. हा मजुरीचा उल्लेख नाही तर काय आहे?

फरक इतकाच की वाइनर्टचा कामगार सभेत असतो, संघटित असतो आणि बहुतेक वेळा पुरुष असतो. हेनिंग्सच्या लेखनातली बाई कुठल्याच संघटनेत बसत नाही, कारण मोलकरीण, फेरीवाली, मंचावर गाणारी आणि रस्त्यावर उभी राहणारी यांची संघटना तेव्हा कोणी बांधत नव्हते.

सांजवेळ

मृद्गंध यांच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि कॅबरेतल्या कमाईविषयी थोडी भर.

गाणे संपले की हेनिंग्स स्वतःच्या छायाचित्राची पोस्टकार्डे घेऊन प्रेक्षकांच्या टेबलांमधून हिंडत असे आणि ती विकत असे. हे वाचल्यावर मला लहानपणी जत्रेत पाहिलेला तमाशा आठवला. गाणारी बाई फर्माइशीचे पैसे घ्यायला पुढे यायची आणि नोट देणारा ती सहजासहजी हातातून सोडायचा नाही. दौलतजादा म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पोस्टकार्ड विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा चेहरा वेगळा सांगायला नको.

शंकासूर

तुलना सुंदर आहे, पण ती जपून करावी असे वाटते. आपल्या परंपरेतल्या बहुतेक लावण्या शाहिरांनी, म्हणजे पुरुषांनी, स्त्रीच्या तोंडी घातल्या, आणि बाईने त्या गायल्या. हेनिंग्स दुसऱ्यांची गाणी गात होतीच, पण तिच्या स्वतःच्या कविता छापूनही येत होत्या. मंचावरच्या बाईने स्वतः लिहिणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्या फरकाकडे डोळेझाक केली तर तिचे वैशिष्ट्यच हरवेल.

सांजवेळ

मान्य. मी फक्त पैसे देणाऱ्या हाताविषयी बोलत होते.

खलबत्ता

मृद्गंध, ‘ब्रांडमाल’ मी वाचलेले नाही, त्यामुळे पहिली शंका तूर्तास मागे घेतो. दुसरी कायम आहे.

अर्धविराम

इतक्या चांगल्या प्रतिसादांबद्दल सर्वांचे आभार. सांजवेळ यांच्या मुद्द्याला जोडून एक सांगतो. त्या काळातल्या पुरुषांच्या आठवणी वाचल्या तर हेनिंग्सचा बारीक आवाज, फिकट चेहरा आणि आखूड केस यांची वर्णने भरपूर सापडतात, पण ती काय लिहीत होती याविषयी फार कमी मजकूर मिळतो. कॅबरे व्होल्टेअरमध्ये ती स्वतः बनवलेल्या बाहुल्यांचे प्रयोग करत असे. बॉलने १९१६ मध्ये लिहिलेले युद्धविरोधी ‘मृत्युनृत्य’ तिनेच गायले, आणि त्याची चाल सैनिकी संचलनगीताची होती. ज्या सुरावर सैनिक चालत होते त्याच सुरावर मरणाचे शब्द म्हणायचे, ही कल्पना बॉलची, पण ते श्रोत्यांच्या तोंडावर म्हणण्याचे धाडस गाणारीचे.

पारावरचा

म्हणजे पोवाड्याच्या चालीवर अंत्ययात्रा. आमच्या गावात असे काही केले असते तर दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीची सभा भरली असती.

जमाखर्च

मी साहित्याचा माणूस नाही, बँकेतून निवृत्त झालेला आहे, पण या धाग्यात सगळे जण श्रद्धा आणि माघार यांविषयी बोलत आहेत आणि पैशाकडे कोणी पाहत नाही, याचे नवल वाटते.

तारखा जुळवून पाहा. १९२० मध्ये हे दोघे तिचिनोत राहायला गेले. खर्च स्विस फ्रँकमध्ये, आणि पुस्तके मात्र मुख्यतः जर्मनीत छापली जाणार, म्हणजे मानधन मार्कमध्ये. १९२२ पासून मार्क कोसळू लागला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क असा दर झाला. प्रकाशकाने पाठवलेली रक्कम टपालातून येईपर्यंत तिच्यात पाव मिळेल की नाही हेही सांगता येत नसे. तिचा ‘हेले नाख्ट’ हा कवितासंग्रह १९२२ चा आहे. ज्याने ज्याने त्या काळात मार्कमध्ये कमाई करून फ्रँकमध्ये घर चालवले असेल, त्याला माघार आणि चढाई यांतला फरक समजायला सवड मिळाली नसेल. १९२४ पासून ते बराच काळ इटलीत होते, त्यातही स्वस्ताईचा भाग असणार असा माझा तर्क आहे.

मंच का सोडला, याचे उत्तर मला यात पूर्ण मिळत नाही. परंतु खेड्यात जाऊन राहणे हे केवळ आध्यात्मिक पाऊल होते असे मानणाऱ्यांनी एकदा घरभाड्याचा विचार करावा, एवढेच सुचवतो.

मृद्गंध

जमाखर्च, तुम्ही साहित्याच्या धाग्यांवर अधिक वेळा यायला हवे.

शंकासूर

पैशाचा मुद्दा रास्त आहे, पण त्याने श्रद्धेचा मुद्दा खोडला जात नाही. तिने कॅथलिक पंथ स्वीकारला तो १९११ मध्ये, म्हणजे बॉलची भेट होण्याच्याही आधी आणि कॅबरेच्या ऐन भरात. त्यामुळे ‘आधी बेबंद गायिका आणि मग पश्चात्तापदग्ध भक्तीण’ ही मांडणी तारखांच्या कसोटीवर टिकत नाही. रात्री मंचावर गाणे आणि सकाळी प्रार्थनेला जाणे हे तिच्या आयुष्यात एकत्रच चालू होते. आपल्याकडे देवाला वाहिलेल्या स्त्रियांच्या गाण्यात भक्ती आणि शृंगार शेजारी नांदतात, याचे आपल्याला आश्चर्य वाटत नाही, मग तिच्या बाबतीत का वाटावे?

खलबत्ता यांच्या दुसऱ्या शंकेत मात्र तथ्य आहे. १४ सप्टेंबर १९२७ रोजी बॉल पोटाच्या कर्करोगाने वारला, तेव्हा तो अवघा ४१ वर्षांचा होता. त्यानंतर हेनिंग्सने जी पुस्तके लिहिली त्यांतले १९३१ चे एक त्याच्या देवाकडे जाणाऱ्या वाटेविषयी आहे, आणि तिच्या मृत्यूनंतर छापले गेलेले एक त्याच्यासोबतच्या आयुष्याविषयी. विधवेने नवऱ्याची स्मारके उभारावीत ही अपेक्षा तिने स्वतःच पूर्ण केली. या पुस्तकांत ती स्वतःला लहान करते, भोळी करते. झुरिकच्या मंचावर तिचा जो वाटा होता तो ती अर्धाही मागत नाही.

सांजवेळ

शंकासूर, मागणारीला कोण देणार होते? १९३१ मध्ये कॅथलिक प्रकाशकासाठी लिहिणाऱ्या एका विधवेने ‘खरे तर तारका मीच होते’ असे लिहिले असते, तर ते पुस्तक निघाले असते का, याचाही विचार करावा. बॉलचे नाव ही तिच्याजवळची एकमेव ठेव होती आणि तिच्यावरच तिला घर चालवायचे होते. तिने १९३८ मध्ये आणि १९४० मध्ये स्वतःच्या बालपणाविषयी आणि भटकंतीविषयीही दोन पुस्तके लिहिली. म्हणजे बॉलच्या पुस्तकांच्या आडून का होईना, स्वतःची गोष्ट सांगण्याची वाट तिने सोडली नव्हती.

खलबत्ता

ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. अजूनही मला वाटते की वाइनर्टसारख्या माणसाने जे धोके पत्करले ते वेगळ्या जातीचे होते, परंतु ‘दोष का द्यायचा’ हे माझे वाक्य मी मागे घेतो.

दूरदेशी

मागच्या ईस्टरला आम्ही लुगानोला गेलो होतो तेव्हा मुद्दाम जेंटिलिनोच्या सांत’आबोन्दिओ चर्चच्या स्मशानभूमीत जाऊन आले. सरूच्या झाडांची लांब रांग, तिच्या टोकाला चर्च, आणि शेजारी स्मशानभूमी. बहुतेक लोक तिथे ‘सिद्धार्थ’ या कादंबरीचा लेखक हरमान हेसे याची समाधी पाहायला येतात. बॉल आणि हेनिंग्स यांना त्याच ठिकाणी पुरले आहे. आम्ही गेलो तेव्हा हेसेच्या दगडावर कोणीतरी ताजी फुले आणि एक दगडगोटा ठेवलेला होता. या दोघांची जागा मला विचारत शोधावी लागली.

हेसे तिथून जवळच मोंतान्योलाला राहत होता आणि १९२० च्या अखेरीपासून या दोघांची त्याच्याशी गाढ मैत्री झाली. बॉलने लिहिलेले हेसेचे चरित्र १९२७ मध्ये, हेसेच्या पन्नासाव्या वाढदिवसाला निघाले, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत बॉल गेला.

पारावरचा

म्हणजे ज्या वर्षांत वरच्या टेकडीवर ‘सिद्धार्थ’ लिहिला जात होता, त्याच वर्षांत खालच्या खेड्यात हे दोघे उद्याचा पाव कुठून आणायचा याचा विचार करत होते. सिद्धार्थ मोठ्या अभिमानाने सांगतो की त्याला विचार करता येतो, वाट पाहता येते आणि उपवास करता येतो. शेजारणीला या तिन्ही गोष्टी न शिकताच येत होत्या.

मृद्गंध

पारावरचा, तुम्ही हेलनसाठी आला होतात ना?

पारावरचा

आता अडकलो आहे.

जमाखर्च

हेसेचे ‘सिद्धार्थ’ १९२२ चे, हेनिंग्सचा ‘हेले नाख्ट’ही १९२२ चा. एकाचे मराठी भाषांतर आमच्या घरी तीन पिढ्यांनी वाचले आणि दुसऱ्याचे नाव मी काल प्रथम ऐकले. तुलना करायची नाही असे ठरवले होते, तरी झाली.

अर्धविराम

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण या चर्चेने माझे मत बदलले आहे. मी ‘माघार’ हा शब्द वापरला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मंच होता, आणि मंचापासून दूर जाणे म्हणजे मागे जाणे असे मी गृहीत धरले होते. बॉलच्या मृत्यूनंतर ती आणखी २१ वर्षे जगली. त्या काळात तिने पाहुण्यांना खोल्या भाड्याने दिल्या, लेख लिहिले, पुस्तके लिहिली, आणि अखेरच्या वर्षांत कारखान्यातही काम केले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी लोकांच्या घरी काम करणारी मुलगी साठीजवळ येऊन पुन्हा मजुरीवर गेली. १० ऑगस्ट १९४८ रोजी लुगानोजवळच्या सोरेन्गोत तिचा मृत्यू झाला. या सगळ्यात कॅबरे हा कामाच्या एका लांब रांगेतला एक टप्पा होता. त्याचा दिवा अधिक झगझगीत होता म्हणून आपण तेवढाच पाहतो.

आता एक मदत हवी आहे. कॅबरेनंतर पहाटे घरी जाण्याविषयीची तिची एक छोटी कविता मी मराठीत आणू पाहतो आहे. घड्याळात पाच वाजले आहेत, उजाडू लागले आहे, हॉटेलातला दिवा अजून जळतो आहे. कोपऱ्यात मुले अंग चोरून बसली आहेत, शेतकरी बाजाराला निघाले आहेत, म्हातारी माणसे प्रार्थनेला चालली आहेत, घंटा वाजत आहेत, आणि शेवटच्या ओळींत विस्कटलेल्या केसांची एक रस्त्यावरची बाई जागरणाने थकून थंडीत भटकते आहे. जर्मनमधल्या ‘मी जाते’ या क्रियापदाला लिंग नाही. मराठीत मला पहिल्याच ओळीत ‘जातो’ की ‘जाते’ हे ठरवावे लागते.

शंकासूर

यात ठरवण्यासारखे काय आहे? कवयित्री स्त्री आहे, ‘जाते’ लिहा.

अर्धविराम

अडचण शेवटी आहे. मूळ कवितेत ‘मी’ पहिल्या ओळीनंतर पुन्हा येत नाही. शेवटी दिसणारी बाई ही वाटेत भेटलेली दुसरी कोणी आहे की ती स्वतःच आहे, हे ती सांगत नाही. जर्मन वाचकाला ‘मी’ कोण हे शेवटपर्यंत उघडे राहते. मी पहिल्या ओळीत ‘जाते’ लिहिले की मराठी वाचक दोन बायकांना लगेच शेजारी उभे करतो.

सांजवेळ

‘पहाटे घरी जायचे, घड्याळात पाच’ असे केले तर? आपल्याकडे बायका स्वतःविषयी बोलताना असेच बोलतात, कर्ता गाळून. “आता स्वयंपाक करायचा, मग धुणे.”

मृद्गंध

आणि शेवटच्या बाईसाठी ‘वेश्या’ हा शब्द टाळा, तो पोलिसांच्या कागदावरचा वाटतो. ‘रस्त्यावरची’ इतकेच ठेवा.

अर्धविराम

‘घरी जायचे’ उत्तम बसते आहे. ‘रस्त्यावरची’ही. रविवारपर्यंत मसुदा टाकतो, पण तिसऱ्या ओळीतल्या हॉटेलच्या दिव्यासाठी ‘तेवतो’ म्हणावे की ‘जळतो’, यावर मी आणि माझी बहीण कालपासून भांडत आहोत.

जमाखर्च

‘जळतो’. तेवणाऱ्या दिव्याचे बिल येत नाही.